बिनशिवणीचे मोजे

पार्वताबाईंविषयी मला फारसे माहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. अकरा वर्षे त्यांच्या घरासमोर राहिलो. दोन्ही दारांच्या मधे एक बैलगाडी जाईल एवढाच रस्ता. तरी त्यांचे माहेर कोणते ते मला त्या गेल्यावर कळले. त्यांना चहा गोड लागायचा की फिका, त्यांच्या यजमानांचे नाव काय होते, त्या कधी शाळेत गेल्या होत्या का, यातले काही मी विचारले नाही. विचारणे मला जमत नाही. त्या बोलायच्या भरपूर, पण ते समोरच्या माणसाविषयी. स्वतःविषयी क्वचितच.

गोंदियाजवळच्या आमच्या मुर्रीतल्या विहारातली मुले दर बुद्धपौर्णिमेला गावातल्या जुन्या माणसांवर एक लहान पुस्तिका काढतात. मागच्या महिन्यात पार्वताबाईंची नात रचना आली आणि म्हणाली, "बाबाजी, यंदा आजीवर तुम्ही लिहा."

मी म्हटले, "अगं, मी रेल्वेत कीमॅन होतो. रूळ घट्ट धरणाऱ्या चाव्या ठोकत रोज बारा किलोमीटर चालायचो आणि संध्याकाळी वहीत 'ठीक' एवढा एक शब्द लिहायचो. नोकरीभर तेवढेच लिहिले."

"मग तेच लिहा, पण जरा लांबवून," ती म्हणाली. जाताना दारातून परत वळली. "काही सुचलं नाही तर पायाकडे बघा."

माझ्या पायात तिच्या आजीने विणलेले मोजे होते. म्हणून मोज्यांविषयी लिहितो. त्यात पार्वताबाई जेवढ्या येतील तेवढ्या खऱ्या.

मी नोकरीतून सुटलो आणि आम्ही दोघे नवराबायको २००१ साली मुर्रीत घर बांधून राहायला आलो. समोर पार्वताबाई, त्यांचा मुलगा रत्नपाल, सून आणि ही रचना. रत्नपालची ऑटो होती. बाई साठीच्या आसपास असतील. सकाळी शेतात कुणाकडे काम असले तर जायच्या, नाहीतर ओट्यावर बसून विणायच्या. विणायच्या ते फक्त पायमोजे. स्वेटर नाही, टोपी नाही. "स्वेटरले लोकर लय लागते अन् माणूस वर्षभरात सुटते," असे त्यांचे म्हणणे.

विणकाम त्या कुठे शिकल्या एवढे मात्र त्यांनी एकदा सांगितले होते. तरुणपणी गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये एका गार्डाच्या घरी त्या भांडी घासायला जात. गार्डाची बायको कुठल्यातरी डोंगराळ मुलखातली. तिला इथल्या उन्हाळ्यात घर आठवायचे, मग ती भर मे महिन्यात विणत बसायची. तिच्याकडे बघून बघून या शिकल्या. त्या बाईची बदली झाली तेव्हा जाताना तिने विणायच्या दोन सलाया आणि उरलेल्या लोकरीची एक चुंगडी, म्हणजे पोते, यांना दिली.

ती चुंगडी मी पाहिलेली आहे. उंदरांच्या भीतीने आढ्याला टांगलेली असायची. ती कधी रिकामी झाली नाही, कारण बाईंचा एक नियम होता. आपल्याकडे जमीन अधियाने देतात, पीक निम्मे मालकाचे आणि निम्मे कसणाऱ्याचे. बाई लोकर अधियाने घ्यायच्या. कुणाचा स्वेटर फाटला, आखूड झाला की लोक आणून द्यायचे. बाई तो उसवायच्या, निम्म्या लोकरीचे मोजे करून त्याच घरी द्यायच्या आणि निम्मी लोकर चुंगडीत टाकायच्या. चुंगडीतल्या लोकरीतून मग ज्यांच्या घरी फाटायलाही स्वेटर नव्हता त्यांचे मोजे व्हायचे. त्यामुळे गावात डिसेंबरमध्ये मोठी गंमत असे. एखाद्या म्हाताऱ्याच्या टाचेला कुणाच्या लग्नातल्या स्वेटरचा जांभळा रंग दिसायचा आणि लोक ओळखायचे. "हे तं गुड्डूच्या स्वेटरचं हाये न जी!"

२००४ च्या उन्हाळ्यात माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मला कळलेच नाही. दोन वर्षांपासून साखरेचा आजार होता आणि तळपाय बधिर होत चालले होते. जखम चिघळली तेव्हा माझी बायको मंदाबाई हिला वास आला. गोंदियाच्या डॉक्टरांनी दीड महिना मलमपट्टी केली आणि शेवटी सांगितले, "काका, या वेळी अंगठा वाचला. पुढच्या वेळी अंगठा जाईल, आणि अंगठ्यावर थांबेल असंही नाही. अनवाणी पाऊल टाकायचं नाही. मोजे कायम पायात. पण घट्ट इलॅस्टिकचे नकोत आणि आत कुठं शिवण बोचायला नको."

मी घरी येऊन अंगणात बसून राहिलो. चौतीस वर्षे पायांनी भाकरी दिली होती. रुळावरून चालताना हातोडीच्या आवाजावरून सैल चावी मला कळायची, आणि आता स्वतःच्या पायाला खिळा लागला तरी कळणार नव्हते. पाय गेला तर मी कोण, हा विचार करायलाही भीती वाटायची.

बाजारातले मोजे आणून पाहिले. त्यांनी पोटरीवर करकचून वळ उठायचे. शेवटी मंदाबाई मला समोरच्या ओट्यावर घेऊन गेली. म्हणजे ती गेली, मी रस्त्यात उभा राहिलो.

"त्यायले म्हणा, वर या," पार्वताबाई म्हणाल्या. "मोजे पायाचे करायचे हायेत का रस्त्याचे?"

"लाजतात हो," मंदाबाई म्हणाली. "लग्नात बी असेच मांडवाबाहेर उभे होते."

मग बाईंनी माझ्या पायाचे माप घेतले. टेप वगैरे काही नाही. सुतळीने पाऊल मोजले, गाठी मारल्या आणि ती सुतळी कमरेला खोचली.

आठ दिवसांत मोजे आले. वरचा भाग करडा, टाच हिरवी, चवडा लाल. वरची पट्टी सैल, अगदी हवी तशी. पण बाई दोन सलायांवर विणायच्या. दोन सलायांवर सपाट कापडच होते, ते दुमडून शिवावे लागते. ती शिवण नेमकी अंगठ्याखालून जात होती. मी दिवसभर घातले आणि संध्याकाळी मंदाबाईने पाहिले तर अंगठ्याखाली लाल रेघ.

बाईंना हे सांगायचे कसे? त्यांनी डोळे फोडून विणलेले. मला ते शक्यच नव्हते. मी एक युक्ती काढली. मोजे उलटे घातले, म्हणजे शिवण बाहेर. चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी बाईंनी ओट्यावरून हाक मारली. "उदारामभाऊ, मोजे उलटे काऊन घातले जी?"

"घाईत," मी म्हटले.

"काल बी?"

"काल पण जरा घाई होती."

"परवा बी उलटेच होते. रिटायर माणसाले कायची एवढी घाई हाये? या इकडे. पाय दाखवा."

त्यांनी अंगठा पाहिला, रेघ पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. "मुकाट्यानं पाय कापून घेसान, पण एका बाईले तुझं काम चुकलं म्हणून सांगणार नाई. असा माणूस नाई पाहिला बाप्पा!" असे म्हणत त्यांनी ते मोजे माझ्या पायातून काढले आणि माझ्यादेखत उसवायला घेतले.

शिवण नको तर मोजा गोल विणायला पाहिजे, आणि गोल विणायला दोन्ही बाजूंनी टोक असलेल्या चार-पाच सलाया लागतात, हे त्यांना ठाऊक होते. गार्डाच्या बायकोकडे तसल्या होत्या म्हणे. गोंदियाच्या बाजारात विचारले तर दुकानदाराने दोनच्याच जोड्या दाखवल्या. मग त्या भैय्यालालच्या सायकल दुकानात गेल्या आणि चाकाच्या पाच आऱ्या मागितल्या. भैय्यालालने आऱ्या सारख्या कापून टोके घासून दिली आणि विचारले, "आजी, सायकल बुनोगी क्या?" बाई म्हणाल्या, "तुझं तोंड शिवायले नेऊन राहिली."

आऱ्यांवर टाके ठरेनात. लोखंड गुळगुळीत, एक सलाई विणेपर्यंत दुसरी खाली निसटायची आणि तिच्यावरचे टाके मोकळे. ओट्यावर दिवसभर खणखण आवाज आणि त्यामागे बाईंचा एखादा शब्द, जो मी इथे लिहीत नाही. मग त्यांनी बांबूचे प्रयोग केले. सुपे-टोपल्या करणाऱ्या बुरडाकडून वाळलेल्या बांबूच्या काड्या आणल्या, काचेच्या तुकड्याने तासल्या, मोहाच्या बियांचे तेल चोळून आठ दिवस उन्हात ठेवल्या. त्या मात्र जमल्या. टाके धरूनही ठेवायच्या आणि सोडायच्याही.

रचना तेव्हा नागपूरला कॉलेजात होती. तिने सुट्टीत येताना आजीसाठी एक नवीन वस्तू आणली. दोन आखूड सलाया आणि मधे प्लास्टिकची वायर, दोन्ही जोडलेल्या.

"हे का होय? बकरी बांधायची हाये का?"

"आजी, यावर गोलच विणतात. बघ तर."

"बकरी तं बांधली जाईन, पण माह्या हातानं गाठ सुटन का?" असे म्हणत त्यांनी ती वस्तू खुंटीला अडकवली. चार दिवसांनी पाहिले तर ती खुंटीवर नव्हती. पोटरीचा भाग त्या वायरवर करायला लागल्या होत्या. मात्र टाचेला बांबूच. रचनाला त्यांनी यातले काही कळू दिले नाही. ती आली की वायर पुन्हा खुंटीवर.

खरी अडचण टाचेची होती. गोल विणत गेले की नळी होते, आणि पाय म्हणजे नळी नाही. टाचेला वळण पाहिजे. सपाट मोज्यात त्या शिवणीने वळण आणायच्या, आता शिवण नाही. सात वेळा विणले आणि सात वेळा उसवले. मी समोरून बघायचो आणि मला अपराध्यासारखे वाटायचे. एकदा धीर करून म्हणालो, "बाई, राहू द्या. मी उलटे घालीन."

"तुमी चूप बसा जी."

जुलैत रोवणी लागली. आमच्याकडे धानाची रोपे चिखलात लावतात त्याला रोवणी म्हणतात, धानाच्या वाफ्याला बांधी आणि तिच्या कडेच्या बांधाला धुरा. बाई दोन-चार दिवस गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत, गुडघ्यापर्यंत चिखल तसाच, त्या घाईघाईने आल्या, फक्त हात धुतले आणि ओट्यावर विणायला बसल्या. चिखलाची पावले दारापर्यंत. सून आतून ओरडली, तिच्याकडे लक्षच नाही. थोड्या वेळाने त्यांनी मलाच हाक मारली.

"भाऊ, तुमी कधी रोवणी केली का?"

"नाही."

"मंग ऐका. बांधीचा धुरा सरळ असला तं बाया पूर्ण ओळीनं रोवत मागं येतात. पण धुरा बाहेर फुगला असन तं? पूर्ण ओळ टाकली तं तेवढी पोकळ जागा राहून जाते. मंग का करतो? त्या बाजूच्या बाया अर्ध्यातूनच वापस फिरतात. चार-सहा अर्ध्या ओळी टाकल्या का फुगवटा भरते. मंग पुन्हा सगळ्या मिळून पूर्ण ओळ." त्यांनी सलाया पुढे धरल्या. "हे टाच म्हणजे बांधीचा फुगला कोपराच हाये न जी! चाळीस वर्षं रोवून राहिली अन् आज डोक्यात आलं."

मी पाहिले. विणकामाच्या एका बाजूला खोलगट वाटी झाली होती. टाच बसेल अशी. शिवण कुठेच नाही.

त्या बिनशिवणीच्या मोज्यांत पावसाळा गेला. पण बाजारातल्या लोकरीत पाय घामेजायचा आणि डॉक्टर म्हणाले, ओला पायही वाईट, खऱ्या लोकरीचे असतील तर बघा. खरी लोकर आमच्या घरात एकच होती. नोकरीच्या सुरुवातीला हिवाळ्यात मिळालेली माझी निळी जर्सी. कसरीने चाळण केलेली, कोपरे गेलेले. मंदाबाईने ती दिली. बाईंनी उसवली, तुटके धागे जोडले आणि तोलून सांगितले, "दोन जोड होतीन. एक तुमचा, एक माह्या चुंगडीचा."

दिवाळीनंतर माझा जोड तयार झाला. ओट्यावर मी घालून पाहिला होता, कातडीसारखा बसला. बाई म्हणाल्या, उद्या धुऊन देते.

दुसऱ्या दिवशी मोजे आले नाहीत. बाईही ओट्यावर दिसल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही दार लोटलेले. मंदाबाई चौकशी करून आली आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. मला राग आला, तशी ती म्हणाली, "जाऊन पाहा न तुमी."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घराची कडी आपणहून वाजवली. बाई आत चुलीजवळ बसल्या होत्या. समोर परातीत दोन निळे मोजे. माझा अंगठाच मावेल एवढे.

झाले ते असे. इतकी वर्षे त्यांच्या हातून धुतली गेली ती कारखान्याची बनावट लोकर. तिला काही होत नाही. म्हणून त्यांची रीत ठरलेली. धान उसनायच्या, म्हणजे उकडायच्या, मोठ्या गंजात पाणी उकळायचे, सोडा टाकायचा, मोजे त्यात बुडवायचे, मग दगडावर मोगरीने बडवायचे. खऱ्या मेंढीच्या लोकरीला ते सोसले नाही. आटून घट्ट गोळा झाली. नमद्यासारखी. उसवायलाही धागा सापडेना.

"तुमची जर्सी गेली, भाऊ," त्या खाली बघत म्हणाल्या. नेहमीचा आवाज नव्हता. "नोकरीची निशाणी होती. माह्या हातानं उकळून खाल्ली."

मी एक मोजा उचलला. घरी गेलो, माझी जुनी चावी ठोकायची हातोडी आणली आणि तिच्या दांड्याच्या टोकावर तो मोजा चढवला. नीट बसला. म्हटले, "हिलाही थंडी वाजत होती. हीही जर्सीच्याच वेळची आहे."

बाई हातोडीकडे बघून अशा हसल्या की सून धावत आली. हसता हसता डोळे पुसून म्हणाल्या, "मुका माणूस बोलते तं असं बोलते!"

हातोडीवरून मोजा त्यांनी काढून घेतला. तो जोड देवरीला गेला. त्यांची मुलगी अल्का तिथे दिलेली होती आणि तिला नुकतेच बाळ झाले होते.

आठवड्याने त्यांनी मला नवा जोड दिला. निळाच. मी म्हटले, "ही लोकर कुठली?"

"चुंगडीतली."

म्हणजे जर्सीचा त्यांचा निम्मा वाटा. अधियाचा त्यांचा नियम त्यांनी कधी मोडलेला मी ऐकला नव्हता. मी तसे म्हणायला तोंड उघडले तर त्या म्हणाल्या, "तळवा पाहा." तळवा पांढराशुभ्र होता. कुणाच्या तरी बाळंतपणातल्या शालीची जुनी लोकर, तीही खरी. मी म्हटले, "पांढरा मळेल की."

"मळू द्या. पायाले समजत नाई तं डोळ्याले समजू द्या. रोज संध्याकाळी मोजा काढला का तळवा पाहाचा. पांढऱ्यावर रगताचा ठिपका लपत नाई."

तेव्हापासून माझे सगळे मोजे पांढऱ्या तळव्याचे झाले. आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी समोरून आवाज यायचा, "पाहिला का जी?" मी हात वर करायचो.

२००८ च्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मोजा काढला आणि पांढऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका दिसला. चपलेच्या तळातून बाभळीचा काटा वर आला होता आणि मी दिवसभर त्यावर चाललो होतो. मी तो मोजा हातात धरून ओट्यावर गेलो. बाईंनी पाहिला आणि सरळ रत्नपालला हाक मारली, "ऑटो काढ." डॉक्टरांनी काटा काढला, जखम धुतली, आणि मोजा बघून विचारले, "हे कोणी करून दिलं? बाकीच्यांनाही सांगतो मी." बारा दिवसांत जखम भरली. आज मी हे लिहितो आहे तेव्हा माझ्या दोन्ही पायांना मिळून दहा बोटे आहेत. सकाळी बिरसीच्या रस्त्याने तीन किलोमीटर चालून येतो. वरून शिकाऊ वैमानिकांची लहान विमाने जातात, त्यांच्याकडे बघत.

बाई स्वतः मोजे घालायच्या का? कितीही आठवले तरी मला त्यांचे पाय अनवाणीच दिसतात. थंडी वाजत नाही का, हेही मी विचारले नाही.

२०१२ च्या जानेवारीत त्या अल्काकडे देवरीला महिनाभरासाठी गेल्या. तिथेच फाल्गुनात, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्या नाहीत. आजारी नव्हत्या. हातातला मोजा टाचेपर्यंत झाला होता, असे अल्काने सांगितले. चुंगडी आता रचनाकडे आहे, बांबूच्या सलाया आणि ती वायरही. वायर घासून पांढरी पडलेली बघून रचनाला सगळे कळले.

त्या देवरीला जायला निघाल्या त्या सकाळी चांगलीच थंडी होती. रत्नपालने ऑटो सुरू करून ठेवली होती. बाई पिशवी मांडीवर घेऊन मागे बसल्या. मी फाटकाशी उभा होतो. मला 'लवकर या' असे काहीतरी म्हणायचे होते, पण त्याच आधी बोलल्या.

"काल तळवा पाहिला का जी?"

"पाहिला."

"पांढरा?"

"पांढराच."

"मंग झालं," त्या म्हणाल्या. "चाल रे रत्नपाल."